शून्य कुठे धरायचं?

जपानच्या उचिनौराहून सप्टेंबर 2006 मध्ये ‘हिनोडे’ उपग्रह सुटला. त्यावरचा ‘ईआयएस’ हा वर्णपटमापक सूर्याच्या प्रभामंडलातले अतिनील किरण रेषारेषांनी उलगडून दाखवतो. रेषा जागची निळ्या बाजूला सरकली, तर तिथला वायू आपल्याकडे येतो आहे. तांबड्या बाजूला सरकली, तर दूर चालला आहे. पण रेषेची मूळ जागा कोणती? ते दाखवणारा संदर्भदिवा यानावर नाहीच.

त्यात उपकरण स्वतःच हलतं. यान सुमारे 98 मिनिटांत पृथ्वीभोवती फेरी घालतं, तेवढ्यात त्याचे भाग तापतात, निवतात आणि सगळ्या रेषा एकदमच इकडून तिकडे सरकतात. लोहाच्या 195.12 अँगस्ट्रॉमच्या रेषेपाशी एका पिक्सेलइतकं सरकणं म्हणजे सेकंदाला सुमारे 34 किलोमीटरचा भासमान वेग. सूर्यावरच्या सक्रिय प्रदेशांच्या कडेनं वर निघणारे प्रवाहही साधारण याच वेगाचे, पुष्कळदा याहून मंद. शोधायचं ते आणि वजा करायचं ते, दोन्ही सारख्याच मापाचं!

तराजूचा पासंग काढावा तसा हा हेलकावा आधी काढावा लागतो, आणि त्यासाठी हाताशी असतो फक्त सूर्यच. त्याच्या शांत भागाची सरासरी घेऊन तिथला वेग शून्य धरतात. इथे मी दर वेळी थबकते. प्रभामंडलाच्या खालच्या संक्रमण थरातल्या रेषा शांत भागातही सरासरीनं तांबड्याकडे झुकलेल्या असतात, हे ‘सोहो’ या सूर्यनिरीक्षक यानाच्या नोंदींतून माहीत आहे. म्हणजे हे शून्य सापडलेलं नाही, विचारपूर्वक ठरवलेलं आहे. संशोधक कामियो आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये यानाच्याच तापमानाच्या नोंदींवरून रेषांचं सरकणं वर्तवणारी पद्धत दिली. तिचंही शून्य अखेर असंच ठरवलेलं; पण ते कसं ठरवलं हे त्यांनी उघड मांडलं, आणि मला त्याचंच मोल वाटतं.

तेजाचा प्रश्न याहून अवघड. रेषा मंदावली, तर सूर्य बदलला की उपकरण थकलं? यावर एक सुंदर उपाय आहे. एकाच आयनाच्या काही रेषाजोड्यांच्या तेजाचं गुणोत्तर अणूची रचनाच ठरवते, सूर्य कसाही असो. ते बिघडलेलं दिसलं की दोष उपकरणाचा. शिवाय नोव्हेंबर 2007 मध्ये ‘युनिस’ हे उपकरण रॉकेटनं काही मिनिटांसाठी वर पाठवलं, उड्डाणानंतर ते जमिनीवर पारखलं आणि त्याची व ‘ईआयएस’ची मापं ताडून पाहिली. पुढे संशोधक देल झान्ना यांनी 2013 मध्ये दाखवलं, की ‘ईआयएस’च्या उड्डाणाआधी जमिनीवर केलेल्या अंशनातही, म्हणजे मापांची पट्टी बसवण्यातही, मोठी दुरुस्ती हवी.

म्हणून कच्च्या नोंदी कुणी पुसत नाही. 2007 सालचा वर्णपट आजही नव्या अंशनानं पुन्हा उघडता येतो, आणि त्यातून निघणारं सूर्यावरच्या वायूचं तापमान तेव्हाच्यापेक्षा वेगळं येऊ शकतं.