मधला खुंट

दिवाळीत हिशेबाला मोठा मान असतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, आणि रुक्ष जमाखर्चालाही घटकाभर देवपण येते. माझा धंदा हिशेबाचाच आहे; पण माझ्या वहीची पूजा करावी असे अद्याप कुणाला वाटलेले नाही. सरकारने किंवा एखाद्या संस्थेने लोकांना काम दिले, कसब शिकवले, कामाच्या जागी सावली-पाण्याची सोय केली, तर त्याने त्यांचे खरोखर काय भले झाले हे पाहून लिहायचे, हे माझे काम. त्याला ‘मूल्यमापन’ असे भारदस्त नाव आहे. घरची मंडळी ते नाव फारसे मनावर घेत नाहीत. आमच्या वहिनी फराळाचे ताट पुढे करून म्हणतात, “भावोजी, चकलीचं मूल्यमापन करा. अहवाल लेखी नको. रिकामं ताट पुरे!”

चकलीचे एक बरे असते. ती कुरकुरीत आहे की नाही हे दातांना तत्काळ कळते. माणसाला काम मिळाले की नाही, हे इतक्या सहज कळत नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? त्यालाच विचारावे! पण कधीचे विचारावे? वर्षाचे, आठवड्याचे, की आजचे? १९७० साली प्राध्यापक दांतवालांच्या समितीने नेमका हाच घोळ निस्तरला. बेकारीला एकच माप पुरणार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. त्यानंतर १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत वर्ष, आठवडा आणि दिवस अशी निरनिराळी मापे वापरली गेली. त्यांपैकी आठवड्याच्या मापाची गंमत अशी, की सात दिवसांत एका दिवशी तासभर जरी काम केले, तरी तो माणूस त्या आठवड्यापुरता कामकऱ्यांत गणला जातो. आकडा खोटे बोलत नाही. फक्त जेवढे विचारावे तेवढेच तो सांगतो.

हे सारे पुस्तकांत असते. पण मोजणी म्हणजे काय, हे मला सर्वांत नेटकेपणाने समजावून दिले ते वाशिम जिल्ह्यातल्या कामरगावच्या एका मावशींनी. कामरगाव कारंजा तालुक्यात आहे. काळ्या मातीचे, कपाशी-तुरी-सोयाबीनचे वऱ्हाडी गाव. माझ्या आईच्या नात्यातले एक घर तिथे आहे, आणि त्या घराच्या शेजारी या मावशी राहतात. वय साठीच्या पुढे. पण पाठ ताठ. तरुणपणी त्या रोजगार हमीच्या कामावर जात. तेव्हा हा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडत असे. वाशिम जिल्हा १९९८ साली वेगळा झाला.

रोजगार हमी म्हटले की वि. स. पाग्यांची आठवण होते. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी ही कल्पना लावून धरली, तासगाव तालुक्यात १९६५ साली तिचा प्रयोग झाला, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पसरली. पुढे १९७७ चा कायदा झाला आणि तो १९७९ च्या प्रजासत्ताकदिनापासून अमलात आला. मागेल त्याला काम, आणि ते पंधरा दिवसांत, असे वचन त्यात होते. त्यासाठी लागणारा पैसा शहरांतून आला. पगारपत्रकावर ‘व्यवसाय कर’ म्हणून जी लहानशी रक्कम कापली जाते, ती १९७५ साली याच कामासाठी सुरू झाली. आपल्यापैकी कितीतरी घरांतल्या पगारातून असा एखादा पाझर तलाव किंवा नालाबांध बांधला गेला आहे, आणि आपल्याला त्याची वार्ताही नाही!

मावशींना या इतिहासाशी कर्तव्य नव्हते. मी मूल्यमापन करतो हे ऐकून त्यांनी सरळ विचारले, “म्हंजे खड्डा मोजतं का?”

कामावर मातीचा खड्डा मोजूनच मजुरी निघत असे. लांबी-रुंदी टेपने मोजता येते. पण मूळ जमीन किती उंच होती, हे खणून झाल्यावर कोण सांगणार? म्हणून खड्ड्याच्या मध्यावर मातीचा एक खुंट न खणता तसाच सोडतात. त्याच्या माथ्यावर जुने गवतही कायम असते. मोजणारा येतो, खुंटाची उंची घेतो आणि वहीत आकडा टाकतो.

“अरे बाबू,” मावशी म्हणाल्या, “सारंच खनून टाकलं तं किती खनलं हे कसं समजन? म्हनून मधात खुंट सोडाचा. तो साक्षीदार!”

मी थक्क झालो. आमच्या शास्त्राचे मर्म या दोन वाक्यांत आले होते. समजा, एखाद्या कसबाच्या वर्गातून शंभर मुले बाहेर पडली आणि त्यांतल्या साठांना काम मिळाले. वर्ग नसता, तर त्यांतल्या किती जणांना ते मिळालेच असते? हे कळायला वर्गात न गेलेली, पण बाकी सर्व बाबतींत तशीच असलेली मुले पाहावी लागतात. तोच आमचा खुंट. हे मी मावशींना सांगितले. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारले, “मंग मानसं मोजता तवा खुंट कोनाले ठेवता?”

प्रश्न साधा नव्हता. माती न खणता राहिली तर तिचे काही बिघडत नाही. माणसाला मात्र, ‘तू साक्षीदार म्हणून उपाशी राहा’, असे सांगता येत नाही. जिथे कामाची हमीच दिली आहे तिथे तर मुळीच नाही. म्हणून अभ्यासकाला वाट पाहावी लागते. २००५ साली संसदेने महाराष्ट्राचा धडा गिरवून देशासाठी कायदा केला. तो २००६, २००७ आणि २००८ अशा तीन टप्प्यांत जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला. मागून आलेले जिल्हे आपोआपच खुंट ठरले. क्लेमाँ इम्बेर आणि जॉन पॅप या अर्थशास्त्रज्ञांनी ती तुलना केली, तेव्हा दिसले की शेतीची कामे नसलेल्या कोरड्या दिवसांत खाजगी मजुरीचे दरही चढले होते. म्हणजे जी बाई त्या कामावर गेलीच नाही, तिच्या पदरातही काही पडले होते.

पण सगळेच काही रुपयांत मोजले जात नाही. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे गिरणीगाव होते. गिरणी बंद पडून गाव बेकार झाले. १९३१-३२ मध्ये तिथे गेलेल्या मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय मोजावे? रस्त्याने चालणाऱ्यांचा वेग! पुरुष रेंगाळत, पुन्हा पुन्हा थांबत. बायका, ज्यांना घरकाम सुटले नव्हते, भराभर जात. पुरुषांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेलेली पुस्तके दोन वर्षांत निम्म्यावर आली. आणि या मंडळींचा एक दंडक होता: गावात नुसते बघे म्हणून राहायचे नाही. त्यांनी कपडे वाटले, वैद्यकीय सल्ल्याची सोय केली.

आपल्याकडे पुण्याच्या गोखले संस्थेतल्या कुमुदिनी दांडेकरांनी रोजगार हमीच्या कामांची पाहणी केली. १९८३ साली निघालेल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच ही योजना म्हणजे बायकांची रोजगाराची संधी असे म्हटले आहे. मावशींना तुम्हाला काय मिळाले असे विचारताच त्या म्हणाल्या, “चुकारा माह्या हातात पडे. पहिल्यांदाच.” खुंटाच्या उंचीत हे कुठे दिसणार?

आता काळ कसबाचा आहे. २०१८ पासून वाशिम ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत मोडतो. तिथे प्रगतीचे शंभर गुण असतात. आरोग्य आणि शिक्षणाला तीस-तीस, शेती व पाण्याला वीस, रस्ते-वीज वगैरेंना दहा, आणि बँकखाती व कौशल्य यांना मिळून दहा. मावशींच्या नातवाने असाच एक विजेच्या कामाचा वर्ग केला. प्रमाणपत्र भिंतीवर देवांच्या तसबिरीशेजारी आहे. त्याला पुण्याला नोकरी लागली. तीन महिने टिकली, आणि तेवढ्यावर कागदोपत्री तो रोजगारप्राप्त झाला. खोलीभाडे आणि खानावळ पगार गिळू लागली, तेव्हा तो परत आला. आता हंगामात शेतपंपांच्या मोटारी दुरुस्त करतो.

“मोटारी बिघडल्या का काम, नाई तं बसून राह्यते,” मावशी म्हणाल्या. “याले तुह्या कागदात काय लिहितं?”

वर्गाला यश म्हणावे की अपयश, हे त्या दिवशी ठरवता येत नव्हते. पुण्याची नोकरी गेली. हातातले कसब गेलेले नाही. कामरगावात मोटारी किती, त्या दुरुस्त करणारे किती, आणि हा मुलगा वर्गाला गेला नसता तर आज कुठे असता, हे सारे अजून पाहायचे होते. पण शिक्का मारून मोकळे होणाऱ्यांना तिसऱ्या महिन्यापुढचे दिसतच नाही. माझ्या प्रश्नावलीच्या शेवटी एक मोकळी ओळ असते: ‘तुम्हाला काही सांगायचे आहे का?’ बहुतेक लोक ती रिकामी सोडतात. मावशींनी मला ती भरायला लावली.

“लिह्य,” त्या म्हणाल्या, “पुढच्या साली पुन्हा यावं, मंग काय ते लिहावं.”

मी त्यांच्या शब्दांत ते उतरवले, आणि खाली पुढच्या वर्षाचा महिना टाकला.