गडवाटा बंद असताना

कर्जत स्थानकालगतच्या भिसेगावातून कोथळीगड, ढाक बहिरी, इर्शाळगड सहज टप्प्यात येतात. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो, धबधब्यांवर जायला मनाई होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर कोसळलेली दरड आठवली की ही मनाई रास्तच वाटते.

पाय मात्र बेचैन होतात. व्यायाम पूर्ण थांबला की दम दोन-तीन आठवड्यांतच कमी होऊ लागतो. स्नायूंचे बळ त्याहून जास्त टिकते. म्हणून जिने चढणे, बैठका, रोजची रपेट सोडू नये. उमेदीला अभ्यासाचाही मोठा आधार मिळतो: कोथळीगडाच्या सुळक्यात आतून कोरलेल्या देखण्या पायऱ्या, पेठ गावातून चढणारी वाट, नकाशावरच्या घाटवाटा. ढाकच्या कातळाला मात्र पाऊस सरल्यावरही तो पुरता वाळेपर्यंत हात लावू नये.