दख्खनचा पाहुणा, दिल्लीची रात्र

‘पहिल्यांदाच क्लबला येताय? आम्ही सोबत आहोत.’ पुण्यात नुकत्याच नोकरीला लागलेल्या भाच्यानं ही जाहिरात मला पाठवली. ठरावीक पैसे भरायचे, दहाबारा जणांच्या घोळक्यातून जायचं, पायात चप्पल नको. एकट्यादुकट्या मुलांना दारातच अडवतात, म्हणून गेस्ट लिस्टमध्ये नावं ही सोबत नेणारी मंडळीच घालतात. “मामा, जाऊ का?” औरंगाबादच्या औरंगपुऱ्यात वाढलेलं पोरगं ते, रात्र म्हणजे त्याला गुलमंडीवरची गर्दी ठाऊक. मी लगेच जा म्हणालो.

परक्या शहराच्या रात्रीत शिरायला वाटाड्या लागतोच. आपल्या भागातलाच एक माणूस पूर्वी दिल्लीच्या रात्रीचा असाच वाटाड्या झाला होता. दर्गाह कुली खान, जन्म संगमनेरचा. 1738 मध्ये दख्खनचे सुभेदार निजाम-उल-मुल्क यांच्या लवाजम्यातून तो दिल्लीला पोचला, तेव्हा ऐन तिशीच्या आतबाहेर होता. मुघल गादीवर मुहम्मदशाह रंगीला. या दख्खनी तरुणानं तिथं जे पाहिलं-ऐकलं ते फारसीत लिहून ठेवलं; ‘मुरक्का-ए-दिल्ली’ या नावानं ते आज ओळखलं जातं. कुठल्या उरुसाला गर्दी लोटते, कोणाच्या घरी मैफल रंगते, कोणाचा गळा कसा, सगळं त्यात आहे. नेमत खान सदारंगांची बीन आहे. गायिका नूरबाईच्या दाराशी उमरावांचे हत्ती इतके दाटत, की गल्लीतून वाट मिळेना. गणिका अद बेगम तर पायजमा घालतच नसे. पायांवर कमखाबासारखी वेलबुट्टी रंगवून घेई आणि ते कापड नव्हे हे पाहणाऱ्याला कळत नसे. चांदणी चौकाची एक गोष्ट मला फार आवडते. एका तरुण उमरावाला तिथं फेरफटका मारायचा होता. विधवा आईनं त्याला लाख रुपये दिले आणि वर सांगितलं, एवढ्यात तिथल्या दुर्मीळ चिजा काही यायच्या नाहीत, पण हौसेपुरतं घे.

1739 मध्ये इराणच्या नादिरशाहानं त्याच शहरात कत्तल केली. त्या वर्षांत तिथं असलेल्या माणसाच्या पानांतून इतकं गाणं वाहतं, याचं मला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

क्लबच्या दारातून आत नेणं हे निम्मंच काम. आत गेल्यावर कान कुठं लावायचा, हे सांगणारा खरा सोबती. आज डीजेच्या डेकवर कोण आहे, तो काय वाजवतो, त्याच्या तुकड्यांत कुठं थांबून ऐकावं, एवढं त्या जाहिरातवाल्या मंडळींनी भाच्याला सांगावं. दर्गाह कुलीनं ते केलं. गाणारी आवडली तर का आवडली, हे तो लिहितो.

1741 मध्ये तो दख्खनेत परतला. पुढं औरंगाबादचा सुभेदार झाला. तेव्हा शायर सिराज औरंगाबादी याच गावात होते, शेर लिहिणारे होते, ऐकणारे होते. त्याच नजरेनं त्यानं आपल्या गावाचीही पानं लिहिली असती तर! पाणचक्कीपाशी, बेगमपुऱ्यात, शहागंजच्या अंगाला रात्री कोण गात होतं, कोणाच्या दिवाणखान्यात दिवे उशिरापर्यंत जळत होते, हे मला त्याच्याकडून ऐकायचं होतं.