पदवीनंतरची डॉक्टरकी

दहावी-बारावीचे निकाल लागले की जुन्या नाशकातल्या घरांतून आम्हाला बोलावणे येते. आम्ही चार-सहा मित्र मुलांचे प्रवेश अर्ज भरून देतो, एवढाच आमचा अधिकार. पूर्वी बारावीचीच मुले येत. आता बी.एस्सी. झालेल्या मुलीही येतात आणि हळू आवाजात विचारतात, "भाई, आता मेडिकलला जाता येईल का?"

हा प्रश्न एवढ्या उशिरा का पडतो? मुली हुशार नसतात म्हणून नव्हे. अकरावीला विषय निवडताना घरात सांगणारे कोणी नसते. अब्बा भाजीबाजारात किंवा गॅरेजमध्ये, अम्मी सातवी शिकलेली. कॉलेज जवळ आहे ना, फी कमी आहे ना, एवढेच पाहिले जाते. डॉक्टरकीची वाट पंधराव्या-सोळाव्या वर्षी फुटते, हे मुलीला एकविसाव्या वर्षी समजते. महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून ज्या नाशकात आहे, त्याच नाशकातली ही स्थिती आहे.

ब्रिटनमध्ये पदवीधरांसाठी वैद्यकाचा चार वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम असतो. लंडनच्या सेंट जॉर्जेसने तो २००० साली सुरू केला. अमेरिकेत तर आधी पदवी आणि मगच वैद्यक, अशीच रीत आहे. आपल्याकडे असा वेगळा दरवाजा नाही. पण पदवी घेतली म्हणून दरवाजा बंदही होत नाही.

अट अशी की बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय हवेत. विज्ञानाच्या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटांना ४० टक्के गुण लागतात. त्यानंतर नीट. बारावीला गणित घेऊन जीवशास्त्र सोडलेल्यांना पूर्वी वाट नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केले की, बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळातून जीवशास्त्र जादा विषय म्हणून उत्तीर्ण झालेल्यांनाही नीट देता येईल. कमाल वयाची अट मार्च २०२२ मध्येच निघाली. म्हणजे तेवीस वर्षांची मुलगीही बसू शकते.

मात्र पदवीचा एकही गुण तिथे धरला जात नाही. सतरा वर्षांच्या मुलांबरोबर तोच पेपर, ७२० गुणांचा, त्यात ३६० जीवशास्त्राचे. प्रवेश मिळाला तर पहिल्या वर्षापासून साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. मालेगावच्या मन्सूऱ्याच्या तिब्बिया कॉलेजसारख्या ठिकाणी बीयूएमएस झालेल्यांनाही यात सूट नाही. युनानीची पदवी सन्मानाची आहे, पण तिच्या जोरावर एमबीबीएसच्या मधल्या वर्षात जाता येत नाही.

कोणी एजंट सांगतो, "परदेशी पाठवा, लवकर होईल." आम्ही पालकांना एकच आकडा लक्षात ठेवायला सांगतो: ५४ महिने. आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातले वैद्यकीय शिक्षण किमान एवढे हवे, शिवाय तिथे बारा महिन्यांची इंटर्नशिप. म्हणून परदेशातला चार वर्षांचा अभ्यासक्रम घाईने निवडू नये. नीटही चुकत नाही. घर गहाण टाकण्यापूर्वी हे वाचावे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. धर्माच्या नावाने राखीव जागा नाहीत. पण बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन या बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गात आहेत. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर हे तीन कागद वेळेवर नसले की हाती आलेली जागा जाते. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच महिने जातात. निकालानंतर धावपळ करण्यापेक्षा अकरावीतच अर्ज करावा.

आणि तिसरी गोष्ट कुठल्याच नियमावलीत नाही. एक अम्मी आम्हाला म्हणाल्या, "बेटा, आणखी सहा वर्षे शिकली तर निकाह कधी करायचा?" या प्रश्नाला हसू नये. त्यांच्या मनात भीती आहे, आणि ती खोटी नाही. आम्ही एवढेच म्हणालो, "खाला, सहा वर्षे तर अशीही जाणारच आहेत." त्या गप्प राहिल्या. मुलगी मात्र आमच्याकडे न पाहता अम्मीकडेच पाहत होती.

आपल्या बायका आजार अंगावर काढतात, कारण पुरुष डॉक्टरपुढे बोलता येत नाही. लेडी डॉक्टर हवी, हे सगळेच म्हणतात. पण ती आपल्याच घरातून यायची असेल तर कोणाच्या तरी मुलीला थांबू द्यावे लागेल. प्रत्येक पदवीधराने नीटच्या मागे लागावे असे आम्ही म्हणत नाही. दोनदा मनापासून प्रयत्न करावा आणि हातातल्या बी.एस्सी.ची वाटही उघडी ठेवावी. पण "तुझे वय झाले" हा निकाल मोहल्ल्याने देऊ नये. कायद्याने तो मागे घेतला आहे.

दहावीच्या निकालानंतर प्रत्येक मोहल्ल्यात एक तास मुलांना आणि त्यांच्या अम्मी-अब्बांना एकत्र बसवून हे सांगितले, तर पदवीनंतर हा प्रश्न विचारण्याची वेळ फार थोड्यांवर येईल.