विमानतळावरील सात तास

काळ घड्याळानें मोजावा असा जगाचा प्रघात आहे. परंतु ज्यानें कधीं कोणाची मनापासून वाट पाहिली आहे, त्यास हें माप किती फसवें आहे हें निराळें सांगावयास नको. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वींचे चार दिवस शेतकऱ्यास पुढील चार महिन्यांपेक्षां लांब वाटतात, तशांतलाच हा प्रकार आहे. नातीस प्रत्यक्ष पाहण्याकरितां आम्हीं पांच वर्षें वाट पाहिली, आणि तीं कशीं गेलीं हें आतां आठवूं म्हटलें तरी नीटसें आठवत नाहीं. उलट त्या पांच वर्षांच्या अखेरीस नागपूरच्या विमानतळावर जे सात तास काढावे लागले, त्यांतील घटका न् घटका आमच्या स्मरणांत आहे. असें कां व्हावें, याचा विचार आम्हीं तेथेंच बसून पुष्कळ केला. कारण दुसरें करण्यासारखें तेथें कांहींच नव्हतें.

आम्हांस वाटतें, वर्षानुवर्षांची प्रतीक्षा कधींच निर्भेळ नसते. तिच्यांत गिरणीचें दळण, दारावरचा भाजीवाला, पेन्शनीच्या दाखल्यासाठीं बँकेंत घातलेल्या खेपा, शेजारचीं लग्नकार्यें आणि स्वतःचीं दुखणींखुपणीं अशा नाना वस्तूंची भेसळ झालेली असते; म्हणूनच ती पचते. विमानतळावरील प्रतीक्षा मात्र गाळून घेतलेल्या अर्कासारखी असते. घर मागें पडलेलें, निरोप घेऊन झालेले, पुढचें गांव अद्यापि यावयाचें. मनुष्यास वाट पाहण्याखेरीज दुसरा उद्योगच उरत नाहीं, आणि हा उद्योग निव्वळ स्वरूपांत करण्याची संवय आपणांपैकीं फारच थोड्यांस असते.

हीं पांच वर्षें कशाचीं, तें थोडक्यांत सांगतों. आमची कन्या शिकागो शहरीं संसार करून आहे. तिचें पहिलें बाळंतपण २०२० सालच्या मे महिन्यांत व्हावयाचें होतें. लेकीच्या बाळंतपणांत आईनें उभें राहावें ही आपली जुनी रीत. लेक माहेरीं येऊं शकत नाहीं, तर माहेरानेंच तिच्याकडे जावें, असें ठरून तिकिटें निघालीं. डिंक-खारीक आणून झालें. इतक्यांत साथ आली. त्या वर्षीं मार्चच्या २३ तारखेस आपल्या देशानें परदेशचीं नेहमींचीं विमानें बंद केलीं, आणि तीं पूर्ववत् सुरू होण्यास २०२२ सालच्या मार्चची २७ तारीख उजाडावी लागली. नात जन्मली ती आम्हीं फोनच्या पडद्यावर पाहिली. पुढें कधीं व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळेना, कधीं जांवयांस रजा मिळेना, कधीं आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया निघाली. बाळासाठीं म्हणून त्यांनीं आपल्या जुन्या सुती साड्यांची एक लहानशी गोधडी शिवून ठेवली होती. नात वर्षानें मोठी झाली कीं गोधडीस चारी बाजूंनीं एकेक पट्टी जोडली जाई. अशा पांच वेळां पट्ट्या लागल्या. प्रतीक्षेचें इतकें अचूक माप कोणत्याहि घड्याळांत आम्हीं पाहिलेलें नाहीं.

घड्याळावरून आठवलें. आमच्या वरोऱ्याच्या घरीं स्वयंपाकघरांत दोन घड्याळें आहेत. एक तेथलें आणि दुसरें शिकागोचें. उन्हाळ्यांत शिकागो आपल्यामागें साडेदहा तास असतें व हिवाळ्यांत साडेअकरा. कारण तिकडील लोक मार्चमध्यें घड्याळें तासभर पुढें करतात आणि नोव्हेंबरांत पुन्हां मागें घेतात. या दोन तिथि सौभाग्यवतींनीं सणावारांप्रमाणें पाळल्या. 'आतां ती उठली असेल', 'आतां शाळेंत पोहोंचली असेल' हा त्यांचा भाजी चिरतांनाचा जप. एकाच घरांत दोन गांवांचे दिवस असे सुखानें नांदत होते. आणि नात पडद्यावर रोज दिसत असल्यामुळें अंतर म्हणून कांहीं उरलेंच नाहीं, असें आम्ही एकमेकांस सांगत होतों. तें उरलें होतें, हें विमानतळावर कळलें.

वरोऱ्याहून नागपूर सुमारें शंभर किलोमीटर. जामच्या चौरस्त्यास हमरस्ता लागला कीं मग सोनेगांवचा विमानतळ फार दूर राहत नाहीं. आमचें विमान पहाटे चारचें, तें दोह्यास जाणारें, तेथून दुसरें. रात्रीं जेवूनखाऊन दहाच्या सुमारास घरून निघावें असें पुतण्याचें मत होतें. परंतु ज्या पिढीनें फलाटावर वळकटीवर बसून गाड्यांची वाट पाहिली आहे, तिला गाडी चुकण्याचें भय मरेपर्यंत सोडीत नाहीं. रात्रीं नऊच्या ठोक्यास आम्ही विमानतळाच्या दारांत उभे होतों.

विमानतळावरील निरोप हा आगगाडीवरील निरोपाच्या मानानें फारच कोरडा. फलाटावर निदान खिडकी असते. गाडी हलल्यावर तिच्याबरोबर चार पावलें धांवतां येतें, विसरलेली सूचना ओरडून सांगतां येते. येथें बंदूकधारी शिपाई दारांतच तिकीट व पासपोर्ट पाहतो, आणि ज्याच्यापाशीं तिकीट नाहीं त्याचा स्नेह कांचेबाहेर राहतो. पुतण्यानें वांकून नमस्कार केला, 'पोहोंचल्याबरोबर कळवा, काका,' असें तो म्हणाला, आणि कांच आपोआप मिटली.

सामान घेणारीं माणसें विमानाच्या कांहीं तास आधीं येतात; तोंवर आमच्या चार बॅगा ट्रॉलीवर आमच्यासारख्याच ताटकळत होत्या. दर बॅगेस तेवीस किलोंची मर्यादा. जवसाची चटणी, कुरडया, आमरसाबरोबर खावयाचे सरगुंडे आणि कैरीचें लोणचें यांचें वजन घरीं तीन वेळां झालें होतें. शेवटच्या किलोसाठीं आमचे दोन जाड ग्रंथ मागें राहिले आणि सरगुंडे आंत गेले. वाचकांपैकीं जे संसारी आहेत, त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

मध्यरात्र झाली. बाहेर एक विमान उतरल्याचा आवाज आला, आणि त्या जागेचा जुना इतिहास आम्हांस आठवला. १९४९ सालच्या जानेवारींत आपल्या देशांत रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली, तिचें ठाणें हेंच नागपूर. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांहून रात्रीं विमानें निघत. तीं मध्यरात्रीच्या सुमारास येथें एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल होई. आणि मग तीं आपापल्या गांवीं परत जात. अदलाबदल म्हटली कीं एकास दुसऱ्यासाठीं थांबणें आलेंच. कोणाच्या लग्नाचें बोलावणें, कोणाच्या मरणाची वार्ता, कोणा आईचें चार ओळींचें पत्र, असा सगळा ऐवज येथें अंधारांत एकमेकांसाठीं थांबलेला असे. आम्ही जेथें जांभया देत बसलों होतों, तो विमानतळ अशा रीतीनें वाट पाहण्याच्या कामींच नांवारूपास आला होता. हें आठवल्यावर आम्हांस थोडा धीर आला.

पत्राचा एक गुण आम्हांस त्या वेळीं जाणवला. पत्र अंतर कबूल करतें. त्यावर तारीख असते, टपालाचा शिक्का असतो. तें हातीं पडतें तेव्हां लिहिणाऱ्याचा ताप उतरलेला असतो अथवा वाढलेला असतो, हें वाचणारा जाणून असतो. फोनचा पडदा अंतर नाकारतो. तो म्हणतो, ही पाहा तुमची नात, तुमच्यासमोर आहे. डोळे त्यावर विश्वास ठेवतात. हात ठेवीत नाहींत. पांच वर्षें आमच्या डोळ्यांची आणि हातांची ही तक्रार चालू होती, व आम्ही डोळ्यांचीच बाजू घेत होतों.

अंतर हें शेवटीं आपलें देणें कोणत्या ना कोणत्या रूपानें वसूल करून घेतें. आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्याकरितां १८८३ सालीं एप्रिलच्या ७ तारखेस कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या, त्या जूनच्या ४ तारखेस न्यूयॉर्कास उतरल्या. अठरा वर्षांच्या त्या मुलीस समुद्रानें जवळजवळ दोन महिने घेतले. त्यांचे हाल काय झाले असतील तें आम्ही विसरत नाहीं. परंतु कल्याणची लेक अमेरिकेची विद्यार्थिनी होण्यास लागणारा अवकाशहि त्या समुद्रानें त्यांस दिला असला पाहिजे. आम्ही एका दिवसांत तेथें जाऊन पडणार. देह असा घाईनें पोहोंचतो आणि मन मागाहून येतें; तिकडे गेल्यावर आठवडाभर दुपारीं झोंप येते व मध्यरात्रीं भूक लागते, तें या राहिलेल्या प्रवासाचें व्याजच होय. त्या दृष्टीनें पाहतां हे सात तास म्हणजे आमच्या वांट्यास आलेला समुद्र होता.

आणि त्याची गरज होती. कारण ज्या भेटीची पांच वर्षें आस धरली, ती जवळ येतांच आम्हांस तिचें भय वाटूं लागलें होतें. नातीस ठाऊक असलेले आजोबा तळहाताएवढे होते. ते नेहमीं हंसत, गोष्ट सांगत, आणि कंटाळा आला कीं बोटानें बंद करतां येत. आतां पहाटे खोकणारे, दुपारीं घोरणारे आणि कित्येक महिने घरांतच राहणारे आजोबा तिच्यासमोर उभे राहणार. तिचें मराठी आणि तिच्या आजीचें इंग्रजी हीं साधारण एकाच मापाचीं. सौभाग्यवतींच्या मनांतहि हेंच चाललें असावें. कारण बराच वेळ गोधडीच्या पिशवीवर हात ठेवून बसलेल्या त्या एकाएकीं म्हणाल्या, 'अहो, ती आपल्याजवळ येईल ना?'

'येईल कीं,' असें म्हणून आम्ही फलकावरील विमानांच्या वेळा वाचूं लागलों. त्या आम्हांस एव्हांना तोंडपाठ झाल्या होत्या.

एक वाजून गेल्यावर आमच्या शेजारच्या खुर्च्यांवर एक तरुण मुलगी येऊन बसली. यवतमाळकडची; पति दोह्यास नोकरीवर, आणि ती तीन वर्षांच्या मुलास घेऊन प्रथमच तिकडे निघालेली. मुलगा झोंपेच्या वेळीं जागा राहिलेला, यंत्राच्या गारठ्यानें कुडकुडत असलेला. त्यानें जो सूर लावला तो कांहीं केल्या थांबेना. आई बिचारी कधीं त्यास थोपटी, कधीं हातांतले कागद सांभाळी. सौभाग्यवतींनीं फार वेळ पाहून घेतलें, मग हात पुढें केले, आणि मूल मांडीवर येतांच पिशवीची चेन उघडून गोधडी बाहेर काढली. पांच वर्षें कपाटांत जपलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास असलेली ती गोधडी एका अनोळखी पोराभोंवतीं गुंडाळली गेली. पांच मिनिटांत पोर झोंपलें.

त्या मुलीस गोधडी कोणासाठीं आहे हें मागाहून समजलें, तेव्हां ती ओशाळून म्हणाली, 'काकू, नातीसाठीं कोरी ठेवली होती, आणि याच्यासाठीं घडी मोडली!'

'मोडूं दे गं,' सौभाग्यवती म्हणाल्या, 'गोधडी वापरल्यानेंच मऊ होते.'

पांच वर्षें सांठवून ठेवलेलें आजीपण असें सोनेगांवच्या खुर्च्यांवर परक्याच्या पोरासाठीं खर्चीं पडलें, आणि गंमत अशी कीं तें कमी न होतां वाढलेलें दिसलें. त्या मुलानें 'ही कोण?' असें विचारलें नव्हतें. भाषेचाहि प्रश्न निघाला नव्हता. त्यास ऊब हवी होती, ती मिळाली. नात जवळ येईल कीं नाहीं हा प्रश्न सौभाग्यवतींनीं पुढें पुन्हां काढला नाहीं.

गांवाचें नांव सांगतांच त्या मुलीनें विचारलें, 'आनंदवनाचें वरोरा?' जग आज आमच्या गांवास त्याच खुणेनें ओळखतें. आम्हांस मात्र त्या घटकेस त्याची दुसरी एक ओळख आठवत होती. एकोणिसाव्या शतकांत वर्धा खोऱ्यांतील कोळशासाठीं आगगाडीचा फांटा वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत आला, आणि कित्येक वर्षें तेथेंच संपला. पुढें रूळ नव्हते. त्या काळच्या वरोरेकरांस आपलें गांव म्हणजे लोहमार्गाचा शेवटच वाटला असेल. नंतर हा फांटा बल्लारशाकडे वाढला, आणि १९२९ सालीं काजीपेठ व बल्लारशा यांमधील मार्ग पुरा झाल्यावर तोच दिल्ली-मद्रास हमरस्त्याचा भाग झाला. स्टेशन होतें तेथेंच राहिलें. परंतु जें शेवटचें होतें तें वाटेवरचें झालें.

आईबापांचेंहि असेंच होत असावें. मूल दूरदेशीं गेलें कीं आपल्या घरापाशीं रूळ संपले असें त्यांस वाटतें, आणि मुलानें परत यावें, नातीनें आपली भाषा बोलावी, आपल्या अंगणांत खेळावें, असा त्यांचा आग्रह सुरू होतो. तो अस्वाभाविक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. तो आमचाहि होता. पण आपलें घर शेवटचें स्टेशन नसून वाटेवरचें स्टेशन आहे, हें एकदां मनानें मानलें म्हणजे आपणहि गाडींत बसूं शकतों. हें मानण्यास घरीं सवड होत नाहीं. तेथें आपल्या खुर्चीची, आपल्या अंथरुणाची, आपल्या मताची जागा ठरलेली असते. विमानतळावर मनुष्यापाशीं एक खुर्ची असते, आणि तीहि उठला कीं दुसऱ्याची.

उंबऱ्यावर बसूं नये, असें वडील माणसें सांगत आलीं आहेत. परंतु ज्यांचीं मुलें दूर गेलीं त्यांस कधीं ना कधीं अशा उंबऱ्यावर बसावेंच लागतें, आणि त्या वेळेस वाया गेलेला वेळ असें नांव देऊं नये. भेटीचा आरंभ तेथेंच होतो. शिकागोस पुढें काय झालें, हा निराळ्या निबंधाचा विषय आहे. तूर्त एवढेंच सांगतों कीं, गोधडी आतां पुरती मऊ झाली आहे.