गव्हाण

आमच्या माळवदाच्या घरात शिरलं की आधी जनावरं लागायची, मग माणसं. औसा तालुक्यातलं गाव. हात-दीड हात जाडीच्या दगडी भिंती, वर पांढऱ्या मातीचं माळवद आणि त्यातल्या झरोक्यातून खाली उतरणारा उजेडाचा एकच खांब. खालच्या अंगाला दावण, दोन पायऱ्या वर आमची बैठक आणि चूल. या दोन्हींच्या मध्ये दगडमातीची, शेणानं सारवलेली गव्हाण. तिच्या एका बाजूला बैलांची तोंडं आणि दुसऱ्या बाजूला आमच्या उशा. कडबा चघळल्याचा तो संथ आवाज ऐकत मला झोप लागायची.

माझा जन्म पौषातला. थंडी मी म्हणत होती, म्हणून आजीनं आईची बाज गव्हाणीला लागून टाकली होती. जनावराच्या श्वासाची ऊब बाळंतिणीला शेकासारखी लागते, असं ती सांगायची.

लातूरला कॉलेजात असताना एका मैत्रिणीनं नाताळाला घरी बोलावलं. ओसरीत तिच्या आईनं येशूजन्माचा देखावा मांडला होता. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आपण रानात कडब्याची कोप उभी करतो, अगदी तशी ती इवलीशी खोप होती. मग त्या माउलीनं लूकच्या शुभवर्तमानातला दुसरा अध्याय वाचला. बाळाला बाळंत्यात गुंडाळलं आणि गव्हाणीत निजवलं, हे तिच्या तोंडून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. इतक्या दूरच्या पवित्र ग्रंथात माझ्या घरातले दोन शब्द होते.

सुटीत आजीला ती गोष्ट सांगितली. गावात कुठं जागा मिळाली नाही, मग त्या बाईला गावाबाहेर गोठ्यात बाळंत व्हावं लागलं, असं मी चित्रांत पाहिलेलं सांगून टाकलं. आजी जात्याशी बसली होती. तिचा हात थांबला. "अगं, गव्हाण काय गावाबाहेर असती व्हय? घरातच असती की. कुणीतरी घरात घेतलं असंल तिला."

हे वाक्य पुढं कितीतरी वर्षं माझ्याबरोबर राहिलं. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान येशूच्या जन्माची हकिकत सांगतच नाहीत. ती सांगतात फक्त मत्तय आणि लूक, आणि दोघांच्या कथा वेगळ्या. मत्तयाकडे तारा आहे, पूर्वेकडचे ज्ञानी आहेत. ते तीन होते असं तो म्हणत नाही, भेटवस्तू मात्र तीन सांगतो. सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन ते येतात ते एका घरात. मत्तयाचा शब्द घर असाच आहे. लूककडे शिरगणती आहे, रात्रीचे मेंढपाळ आहेत, गव्हाण आहे. पण गोठा हा शब्द त्याच्या कथेत कुठंच नाही. बैल आणि गाढवही नाहीत. ती जोडी यशयाच्या ग्रंथातल्या एका वचनावरून पुढच्या भाविकांनी तिथं आणून बांधली.

आणि जिथं जागा नव्हती, ती कोणती जागा? आपल्या बायबलात उतारशाळा म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘कटाल्युमा’. येशूच्या शेवटच्या भोजनाची खोली सांगताना लूक हाच शब्द वापरतो, आणि दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात वाटसरूंची खरीखुरी धर्मशाळा येते तेव्हा मात्र वेगळाच शब्द घेतो. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, भरलेली होती ती पाहुण्यांची खोली. पॅलेस्टाइनमधल्या साध्या घरात माणसं वरच्या ओट्यावर निजत, जनावरं खालच्या अंगाला बांधत आणि गव्हाण त्यांच्यामध्ये असे. पाहुण्यांची खोली भरली, म्हणून घरच्यांनी आपल्या निजायच्या जागेत येशूच्या आईला सामावून घेतलं असावं. आजीला ग्रीक येत नव्हतं. तिला घर माहीत होतं.

पण तिचा दुसराही प्रश्न होता. "आन् सुईण कोण होती?" लूक सांगत नाही, मत्तयही नाही. आजीसारखाच प्रश्न दुसऱ्या शतकातल्या कुणाला तरी पडला असणार. याकोबाच्या नावानं चालत आलेल्या एका ग्रंथात योसेफ सुईण शोधायला निघतो. तो ग्रंथ बायबलात घेतला गेला नाही, पण ख्रिस्ती जगानं तो जीव लावून जपला. त्यात बाळ जन्मतं ते गुहेत. योसेफ वाट चालत असताना सगळं जग थांबतं. पाखरं आभाळात जागच्या जागी. जेवायला बसलेल्या मजुरांचे हात ताटातच. मेंढपाळाची उगारलेली काठी हवेत. नदीकाठच्या करडांची तोंडं पाण्याला टेकलेली, पण घोट जात नाही. आणि मग एकदम सगळं पुन्हा चालू लागतं. घरात कुणी अडलेली असली की बाहेर बसलेल्या प्रत्येकानं हा क्षण जगलेला असतो. आतून पहिलं रडणं ऐकू येईपर्यंत हातातला घास हातात राहतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी आमच्याकडे जग थांबलं ते वेगळं. रात्री गणपती बोळवून गावं निजली होती. भूकंपानं किल्लारीच्या आसपासची माळवदं झोपेतल्या माणसांवर आली. ज्या जाड भिंतींनी ऊब दिली, त्यांनीच जीव घेतले. सात हजारांहून अधिक माणसं गेली. आजी अंगणात बाजेवर निजली होती म्हणून वाचली. दावणीची जनावरं दाव्यासकट गेली. शेजारच्या घरातलं तान्हं पाळण्यात गेलं.

त्यानंतर मत्तयाची कथा मला नव्यानं वाचता आली. हेरोद राजा बेथलेहेमची तान्ही मुलं मारतो, आणि मत्तय जन्मकथेच्या ऐन मध्यावर राहेलीचा आक्रोश ठेवतो. लेकरं नाहीत म्हणून ती सांत्वनसुद्धा नाकारते. नाताळाच्या देखाव्यात तिला कुणी मांडत नाही. पण ज्यानं ही कथा लिहिली त्यानं तिला बाहेर ठेवलं नाही. एका बाळाच्या वाचण्याच्या आनंदाशेजारी त्यानं ओटी रिकामी झालेल्या आयांना जागा दिली. आजी कित्येक महिने शेजारणीपाशी नुसती बसून राहायची. समजूत घालायची नाही.

जागा देणं भाषेलाही जमतं. गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ही कथा मराठी ओवीत आणली. त्याचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! ज्ञानदेवांची ओवी, आजीच्या जात्यावरची ओवी, तिच्यात बेथलेहेमचं बाळ निजलं. आणि नवल तरी कसलं? मी आता राहते त्या नांदेड जिल्ह्यात माहूरच्या डोंगरावर अनसूयेनं तिन्ही देवांना तान्हं केल्याची कथा सांगतात. देवाला पाळण्यात घालायची या मातीला जुनीच सवय आहे. २०२३ साली नाताळाच्या दुसऱ्याच दिवशी दत्तजयंती आली. नांदेडला माझ्या घरी आदल्या संध्याकाळी मैत्रिणीकडचा केक आला, दुसऱ्या संध्याकाळी आम्ही पाळणा म्हटला.

गाव आता नव्या जागी आहे. सिमेंटची घरं, आखीव रस्ते, गोठे लांब. घरं मजबूत आहेत, आणि ते हवंच होतं. गव्हाण मात्र कुठल्या घरात नाही.

त्या दत्तजयंतीनंतरच्या येळवशीला रानात गेलो. कोपीपुढं अंबील, भज्जी, उंडे. भाचीचं दोन महिन्यांचं लेकरू उन्हानं किरकिरायला लागलं. तिनं इकडंतिकडं पाहिलं, मग पूजेच्या दगडांजवळ थोडी जागा सारली, कडबा पसरला, त्यावर आजीच्या जुन्या लुगड्याचं बाळंतं अंथरलं आणि त्याला आत निजवलं. बाहेर आमचे हात क्षणभर ताटातच राहिले. आत लेकरू झोपलं होतं.