शांत रस्ता

आमचे एक स्नेही इटलीस जाऊन आले. परदेशाहून परतलेल्या मनुष्यास आपल्या अनुभवांचा भार एकट्याने वाहवत नाही. तो त्याच्याकडून वाटून घेणे हे मित्रांचे कर्तव्यच होय, आणि ते आम्ही चहाच्या तीन पेल्यांच्या मोबदल्यात यथास्थित पार पाडले. स्नेह्यांनी रोम पाहिले, फ्लॉरेन्स पाहिले. पण त्यांच्या बोलण्यात फिरून फिरून येई ती पो नदी. फेरारा प्रांतात ह्या नदीच्या उजव्या तीराने, पुराचे पाणी अडविण्यासाठी घातलेल्या मातीच्या बांधावरून, शंभराहून अधिक किलोमीटर लांबीची सायकलवाट गेलेली आहे. चढ नाही, उतार नाही, मोटारीचा भोंगा नाही. एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला क्षितिजापर्यंत शेते. ‘‘असले सुख आपल्या देशात मिळावयाचे नाही,’’ असा त्यांनी शेवटी निकाल दिला.

हा निकाल आम्हांस मान्य होईना. आम्ही गोंदियाचे राहणारे. १९९९ साली भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आमचा जिल्हा महाराष्ट्राच्या अगदी पूर्वेच्या टोकास आहे, आणि पुण्यामुंबईच्या मंडळींना तो बहुधा हावडा मार्गावरील एका स्टेशनाच्या नावानेच ठाऊक असतो. परंतु सपाट जमीन, नदी आणि भातशेती ह्या तीन गोष्टींची आम्हांस वाण नाही. इटलीतही पोच्या वरच्या खोऱ्यात, व्हेर्चेल्लीच्या आसपास, भात पिकतो. १८६६ साली पुरा झालेला काव्हूर कालवा पोचे पाणी तिकडच्या शेतांना पुरवितो. आमच्याकडे ते काम बाघ प्रकल्पाच्या नहरी करतात. पोच्या जागी शिवनी जिल्ह्यात उगम पावून दक्षिणेस वाहत येणारी वैनगंगा आहे. मग उणे ते कशाचे? आम्ही माळ्यावरची जुनी सायकल खाली काढली, तिला तेलपाणी केले आणि अश्विनातल्या एका पहाटे घराबाहेर पडलो.

बालाघाटकडे जाणारा मोठा रस्ता सोडून परसवाडा, डांगोर्ली ह्या बाजूच्या खेड्यांच्या वाटेला लागले की जगाचा आवाज जणू कोणी दार लावून बंद करतो. राइस मिलींची घरघर मागे पडते, ट्रकांची धूळ मागे पडते, आणि आपल्या सायकलीची साखळी किती कुरकुरते हे प्रथमच आपल्या ध्यानात येते. दोन्ही बाजूंस धानाच्या बांध्या. आषाढात पऱ्हे उपटून चिखलात वाकून ज्या बायकांनी रोवणी केली, त्यांच्या पाठीची कळ अद्याप शमलीही नसेल; पण धान निसवला होता आणि त्याच्या लोंब्यांचा तो गोडसर, दुधाळ वास धुक्यात भरून राहिला होता. धुऱ्यांवर तुरीची झाडे उभी होती. सपाट मुलखात सायकल हाकणाऱ्यास एक मोठा लाभ होतो. पायांना विशेष काम नसल्यामुळे डोळे मोकळे राहतात. डोंगर चढणारा मनुष्य शिखराकडे पाहतो. सपाटीवरचा मनुष्य जे समोर येईल ते पाहतो.

आणि समोर सारस आले. वाटेपासून शंभर पावलांवर, पाणथळ बांधीत, एक जोडी उभी होती. राखी अंग, तांबडी मान, माणसाएवढी उंची. उडणाऱ्या पक्ष्यांत ह्याहून उंच पक्षी पृथ्वीवर नाही. दोघांच्या मध्ये पिंगट रंगाचे एक पिल्लू चाचपडत चालले होते. आम्ही सायकल आडवी केली व श्वास रोखून पाहत राहिलो. महाराष्ट्रात सारस आता आमच्या जिल्ह्यात आणि शेजारच्या भंडाऱ्यात काय ते उरले आहेत. अलीकडच्या गणनांत जिल्ह्यातील त्यांची संख्या फार थोडी भरते. विजेच्या तारा आणि पिकांवरची विषारी औषधे त्यांच्या जिवावर उठली आहेत. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ह्या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली, इतकी वेळ त्यांच्यावर आली. तरीही ते अजून आहेत ह्याचे कारण साधे आहे. सारस पावसाळ्यात उभ्या धानात घरटे घालतो. आणि ज्याच्या बांधीत तो घालतो तो शेतकरी तेवढा तुकडा सोडून देतो, पोरांना तिकडे फिरकू देत नाही.

पुढे एका जुन्या तलावाच्या पाळीवर बसून आम्ही न्याहारी केली. आमच्या मुलखात असे तलाव शेकड्यांनी आहेत. त्यांतले पुष्कळसे कोहळी लोकांनी बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते. १९५१ साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून त्यांस आता ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असे गमतीदार नाव पडले आहे. ह्या तलावात कमळे होती, शिंगाड्याचे वेल होते, एक ढिवर जाळे झटकीत होता. तेथे बसून आम्ही स्नेह्यांस लिहावयाच्या पत्राचा मजकूर मनाशी जुळविला. ‘तुमची पो तुम्हांस लखलाभ असो,’ अशी त्याची सुरुवात होती.

ते पत्र मात्र लिहिले गेले नाही.

वैनगंगेचे पात्र पाहून, तिच्या वाळूत तासभर लोळून आम्ही परत फिरलो तेव्हा दिवस कलला होता. एका वळणावर बाभळीचा काटा मागच्या चाकात शिरला आणि आमचा डौल हवेबरोबर निघून गेला. सायकल हाताने ढकलीत चाललो असता मागून घंटी वाजली. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी, पाठीला दप्तर, सायकलीवरून खाली उतरली. ‘‘पंचर झाली का काकाजी? पुढच्या गावात दुकान आहे,’’ असे म्हणून ती आमच्याबरोबर पायी चालू लागली. मानव विकास कार्यक्रमातून शाळेत असताना मिळालेली ती सायकल होती. आता ती अकरावीस होती आणि रोज नऊ किलोमीटर जाऊन तितकेच परत येत होती.

बोलण्याच्या भरात आम्ही म्हणालो, ‘‘तुझ्या गावचा रस्ता किती शांत आहे! आम्ही मुद्दाम ह्यासाठी आलो.’’

तिने आमच्याकडे नवलाने पाहिले. ‘‘गाडी येतच नाही ना काकाजी, मंग आवाज कायचा येल?’’ मग थोडे थांबून म्हणाली, ‘‘आधी सकाळची एक येत होती, ते बंद झाली. पावसाळ्यात अंधार पडला का ह्या रस्त्यावर मानूस नाही दिसत. तेच भेव लागते. माझ्या संगच्या दोघी त त्याच्यापायीच घरी बसल्या.’’

गाव आले. दुकानदाराकडे आम्हांस सोपवून ती मावळत्या सूर्याकडे एकदा पाहून भरभर पुढे निघून गेली. तिला अजून चार किलोमीटर जावयाचे होते, आणि उजेड आमच्यामुळे अर्धा तास कमी झाला होता.

रात्री घरी आल्यावर स्नेह्यांचे वर्णन आम्हांस पुन्हा आठवले आणि त्यातला एक बारकावा नव्याने दिसला. पोच्या बांधावर मोटारी नाहीत, कारण मोटारींना दुसरा रस्ता दिलेला आहे. तेथील शांतता कोणीतरी ठरवून राखलेली आहे. आमच्या रस्त्यावरची शांतता कोणी राखलेली नाही. ती नुसती उरलेली आहे. जे यावयाचे ते आले नाही, आणि जे होते ते निघून गेले, म्हणून ती तेथे आहे. वरून पाहता दोन्ही सारख्याच गोड; पण एकीत मनुष्य निर्धास्त जातो आणि दुसरीत एक मुलगी सूर्याकडे पाहत पाहत पाय मारते. आम्ही आठवड्यातून एक सकाळ त्या शांततेचे पाहुणे होतो. तिला मात्र रोज संध्याकाळी त्या शांततेतून घर गाठावयाचे असते.

कोणी म्हणतील, मग काय रस्ता रुंद करावा, ट्रक सोडावेत आणि सारसांना निरोप द्यावा? तसे आम्हांस मुळीच वाटत नाही. धानाचे पीक घेऊनही घरट्यापुरती जागा सोडणारा शेतकरी आमच्याच मुलखातला आहे. पीक की पक्षी असा वाद त्याने घातला नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक गाडी आल्याने आणि वळणावर दोन दिवे लागल्याने कोणत्याही सारसाचे घरटे मोडत नाही. बाकीचा सारा दिवस रस्ता सायकलींचाच राहील.

आम्ही अजूनही त्या वाटेने जातो. धान कापून झाला आहे, बांध्यांत लाखोळी उगवली आहे, आणि रस्ता पूर्वीइतकाच शांत आहे. मात्र हल्ली त्या वळणाशी आलो म्हणजे आमचे कान आपोआप मागे लागतात. एखाद्या दिवशी तेथे भोंगा वाजलाच, तर सायकल धुऱ्यावर घेऊन त्या गाडीस वाट करून देण्यास आम्हांस मोठा आनंद वाटेल. आणि मग स्नेह्यांस ते राहिलेले पत्रही लिहिता येईल.